हेड उघडण्याआधी: फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनात हेडचा बिघाड कसा शोधायचा

गाडी घाटात उकळली, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, इंजिन एका सिलिंडरला मिस करायला लागलं की कुणीतरी सांगतोच, "हेड गेलं." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं ओतीव झाकण. मग पाने निघतात, तासाभरात हेड टेबलावर येतं, नवीन गॅस्केट, म्हणजे हेडखालचा सांधा बंद करणारा पत्रा, पडतं आणि महिन्याभराने तीच गाडी तसंच पाणी पीत परत दारात उभी राहते. शंभरीच्या आसपासच्या इंजिनांवर काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी माझ्याकडच्या पोरांना हेड हा शब्द सुरुवातीला उच्चारूच देत नाही. हेड जागेवर घट्ट बसलेलं असतानाच इंजिन सगळ्यात जास्त सांगतं. ते एकदा उचललं की निम्म्या तपासण्या करताच येत नाहीत.

हा लेख फोर्ड मॉडेल टीबद्दल आहे. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटींच्या घरात बनल्या. आपल्याकडे आलेल्या टी बहुतेक कॅनडातल्या फोर्डच्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. सुटं हेड सर्वसामान्यांच्या गाडीत रुजवलं ते याच इंजिनाने. त्याआधीच्या आणि त्या काळातल्याही कितीतरी गाड्यांत सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असायचं. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट घ्या, तीन-तीन सिलिंडरांचे दोन ब्लॉक आणि हेड त्यातच. तिथे हेड गॅस्केट हा प्रकारच नाही. अशा एकसंध हेडच्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनांत गळती शोधायची ती व्हॉल्व्हवरच्या आट्यांच्या टोप्यांपाशी. पुढच्या बऱ्याच तपासण्या त्या गाड्यांनाही चालतील, आकडे मात्र टीचे आहेत.

इंजिन आधी डोळ्यासमोर आणा

चार सिलिंडर, पावणेचार इंच बोअर (सिलिंडरचा व्यास), चार इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे साधारण २.९ लिटर. ताकद २० हॉर्सपॉवर. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. त्यामुळे हेडमध्ये हलणारं काहीच नाही: ज्वलनाची पोकळी, पाण्याच्या वाटा, प्लगची चार भोकं आणि ७/१६ इंची पंधरा बोल्टांची भोकं. हेड हे नुसतं झाकण आहे. म्हणून त्यात बिघडण्यासारखं मोजकंच असतं. गॅस्केट फुटणं, हेड वाकणं, तडा जाणं, पाण्याच्या वाटांशी बीड गंजून खाल्लं जाणं आणि बोल्टांची पकड जाणं. पाचच गोष्टी.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट पाण्याची. अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर टीला पाण्याचा पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, हेडच्या पुढच्या तोंडातून रेडिएटरच्या डोक्यात जातं, थंड होऊन खाली उतरतं आणि ब्लॉकमध्ये परत शिरतं. हे चक्र चालायला रेडिएटरमधलं पाणी वरच्या नळीच्या तोंडाच्या वर असायलाच हवं. ते दोन बोटं खाली गेलं की चक्र थांबतं आणि इंजिन उकळतं, हेड कितीही ठणठणीत असलं तरी.

तिसरी गोष्ट, जी आधुनिक गाड्यांवर हात बसलेल्यांना धक्का देते: टीचा पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या वर येतो, पाव इंचाहून जास्त. तो हेडच्या पोकळीत घुसतो. गॅस्केट किंचित सरकून बसलं किंवा हेड प्रमाणाबाहेर घासलं की पिस्टन कशाला तरी लागणार. याचा उपयोग खाली दोनदा होईल.

हेडवर आळ येतो, पण दोष दुसऱ्याचा असतो

उकळण्याची पहिली चौकशी चालवणाऱ्याकडे करा. स्पार्कची वेळ या गाडीत स्टिअरिंगखालच्या दांडीने हाताने बदलायची असते. नवशिका चालक गाडी सुरू करताना दांडी मागे ठेवतो आणि तशीच ठेवून दहा किलोमीटर जातो. स्पार्क उशिरा पडत राहिला की जळतं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पोचतं, मॅनिफोल्ड लाल होतो, पाणी उकळतं. हेडचा काहीही संबंध नाही. तसंच मिश्रण फार पातळ ठेवणं, फॅनचा पट्टा ढिला असणं, रेडिएटर आतून क्षारांनी चोंदणं. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर इतका बसतो की सुईसुद्धा जात नाही. इंजिन गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

पाणी कमी होतंय ही तक्रारही नीट ऐका. टीच्या रेडिएटरला दाबाची टोपी नाही, उघडी निकास नळी आहे. काठोकाठ भरलं की तापल्यावर पाणी फुगतं आणि जास्तीचं बाहेर टाकलं जातं, मग पातळी स्थिर होते. मालक दर सकाळी पुन्हा काठोकाठ भरतो आणि गाडी दर सकाळी तेवढंच पाणी रस्त्यावर टाकते. त्याला सांगा, दोन दिवस भरू नका, फक्त पट्टीने पातळी मोजून लिहा. पातळी एका जागी थांबली, आणि ती नळीच्या तोंडाच्या वर असली, तर गळती नाही.

दाब नसल्यामुळे उकळबिंदूही उंचीबरोबर खाली येतो. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या. मुंबईत न उकळणारी गाडी घाटमाथ्यावर पोचताना थोडी वाफ टाकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वाफ दिसताच धारेखाली थंड पाणी ओतणं हा मात्र गुन्हा समजा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की तडा जातो, आणि मग 'हेड गेलं' हे खरंच होतं.

खास हत्याराविना होणाऱ्या तपासण्या

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी, इंजिनाला हातही न लावता, खालचा ऑइलचा ड्रेन प्लग थोडासाच ढिला करा आणि खाली काचेचा पेला धरा. ऑइलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाला बसलेलं असतं आणि पहिलं तेच येतं. पेल्यात काय दिसतं ते शांतपणे बघा. चार-दोन थेंब पाणी आणि मागून स्वच्छ ऑइल आलं, तर पावसाळ्याच्या दमट हवेत, कमी चालणाऱ्या गाडीत ते आतल्या भिंतींवर जमलेलं दव आहे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे हमखास होतं. पण अर्धा पेला पाणी आलं, किंवा ऑइल ताकासारखं पांढरट झालेलं असलं, तर पाणी जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून, आत येतंय. या इंजिनात ऑइलचा पंपही नाही, ऑइल उडवूनच बेअरिंगांना मिळतं, त्यामुळे असं ऑइल घेऊन इंजिन एक मिनिटही चालवू नका.

आता इंजिन हाताने फिरवायचं समोरचं हँडल. इग्निशन बंद, आणि ते बंद आहे याची दुसऱ्यांदा खात्री. प्लग लावलेलेच ठेवा. डाव्या हाताने, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, हँडल खालून वर ओढा. ढकलू नका. हळूहळू फिरवत चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दबणाऱ्या हवेचा जोर, हाताला जाणवू द्या. चांगल्या सिलिंडरला हँडल उशीवर टेकल्यासारखं दबतं, क्षणभर थांबतं, मग पुढे सरकतं. मेलेल्या सिलिंडरला ते तसंच निसटतं. फायरिंगचा क्रम १-२-४-३ आहे. म्हणजे लागोपाठ दोन घरं (सिलिंडर) मोकळी गेली तर ती १-२ किंवा ४-३ अशी शेजारची जोडी असू शकते, आणि शेजारची जोडी म्हणजे मधल्या पट्टीतलं गॅस्केट फुटल्याचा संशय. मोकळं, चांगलं, मोकळं, चांगलं असं येत असेल तर ती १-४ किंवा २-३. यातले २ आणि ३ शेजारी आहेत, १ आणि ४ नाहीत. कागदावर लिहून ठेवा.

हँडल फिरता फिरता दगडाला लागल्यासारखं एकदम अडलं तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल तर ते दबत नाही, आणि टीचा क्रँक बारीक आहे. चारही प्लग काढा आणि मग फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर सापडला.

प्लग काढलेच आहेत तर ओळीने कापडावर मांडा, १ रेडिएटरकडचा. तीन प्लग तपकिरी-काळे आणि एकाचं चिनी मातीचं टोक धुतल्यासारखं स्वच्छ असेल तर त्या घरात वाफ जातेय. पाणी घासणीचं काम करतं. दोन शेजारचे प्लग काजळीने काळे आणि ओलसर असतील तर तिथे दाब एकमेकांत पळतोय आणि मिश्रण नीट जळत नाही.

कॉइल दाबून मेलेला सिलिंडर शोधणं

या गाडीत दर सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे आणि तिच्यावर गुणगुणणारी पट्टी. इंजिन मंद चालू ठेवा आणि सुक्या लाकडी पट्टीने एकेका कॉइलची कंप पावणारी पट्टी दाबून धरा. चालता सिलिंडर बंद पडला की इंजिन लगेच लंगडतं. जी पट्टी दाबून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. कोणती कॉइल कोणत्या प्लगला जाते ते वायरचा हाताने माग काढूनच ठरवा, अंदाजाने नको.

लगेच हेडला दोष देऊ नका. ती कॉइल शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर दोष कॉइलचा. तिथेच राहिलं तर प्लग बदलून बघा, मग टायमर, म्हणजे कॉइलना पाळीपाळीने वीज देणारा भाग, साफ करा. हे सगळं करूनही तोच सिलिंडर मेलेला राहिला तरच पुढे कॉम्प्रेशनकडे वळायचं. माझ्या अनुभवात 'हेड गेलेल्या' गाड्यांपैकी बऱ्याच इथेच बऱ्या होऊन घरी जातात.

कॉम्प्रेशन: कोरडं आणि ओलं

टीच्या प्लगला अर्धा इंची पाइपचे निमुळते आटे असतात. बाजारातल्या कॉम्प्रेशन गेजचं तोंड त्यात बसत नाही. रबरी शंकूचं गेज हाताने दाबून धरलं तर वाचन कधीच सारखं येत नाही. जुन्या मोडक्या प्लगची पितळी-लोखंडी बॉडी रिकामी करा, तिच्यात गेजच्या आट्यांची नळी ब्रेझ करून घ्या. एकदा केलेली ही जोडणी आयुष्यभर पुरते.

इंजिन कोमट, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. स्टार्टर असेल तर स्टार्टरने, नसेल तर दोघांनी आळीपाळीने हँडलने, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्या. या इंजिनाचं कॉम्प्रेशनचं प्रमाण चारास एकच्या आसपास, त्यामुळे आजच्या गाड्यांचे दीडशे-पावणेदोनशेचे आकडे विसरा. निरोगी टी दर चौरस इंचाला ४५ ते ६० पाउंड दाखवते. आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. चारही ४० असलेली गाडी ६०, ६०, ६०, ३५ वाल्या गाडीपेक्षा सुखी.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन फेरे द्या, पुन्हा मोजा. वाचन ठळक वाढलं तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. वाढलं नाही तर व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा तडा. दोन शेजारच्यांचं वाचन एकसारखं खाली असेल आणि ऑइलने हलत नसेल, तर मधल्या पट्टीतलं गॅस्केट फुटलंय असं मी नव्वद टक्के धरून चालतो. उरलेले दहा टक्के पुढच्या पायरीसाठी.

बुडबुडे आणि हवा

ही तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण टीच्या बिनपंपाच्या रचनेमुळे ती इथे अगदी निखळ होते. थंड इंजिनाची वरची होज काढा. हेडच्या पुढच्या पाण्याच्या तोंडात पाणी काठाला दिसेपर्यंत भरा. पाणी हलवणारा पंप नसल्यामुळे ते पाणी आरशासारखं स्थिर राहतं. टॉर्चचा उजेड पाण्यावर टाका, इंजिन सुरू करा, आणि एकजण फक्त त्या पाण्याकडे बघत राहा. पहिल्या मिनिटात, पाणी कोमटही झालेलं नसताना, तालात बुडबुडे आले तर ते ज्वलनाचे वायू आहेत. सुरुवातीला एखाद-दुसरा चुकार बुडबुडा येईल, ती अडकलेली हवा, ती संपते. वायूचे बुडबुडे संपत नाहीत आणि थ्रॉटल वाढवला की वाढतात. आता कॉइलच्या पट्ट्या एकेक दाबा. ज्या सिलिंडरची पट्टी दाबल्यावर बुडबुडे थांबतात, गळती त्याच घरात. मिनिटाच्या वर चालवू नका, पाणी फिरत नाहीये.

याच कामासाठी निळ्या रसायनाची नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडावर धरून हवा तिच्यातून ओढली की ज्वलनातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो. बारीक गळती, जी डोळ्याला दिसत नाही, ती तिथे पकडली जाते. पाण्याची पातळी आधी थोडी उतरवा. नळीत पाणी गेलं तर तपासणी वाया.

शेवटची तपासणी दाबाच्या हवेची. ज्या घरावर संशय आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. प्लगच्या भोकावर अंगठा धरून हँडल फिरवलं की हवा अंगठा ढकलते आणि टोकाला थांबते. चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे, हँडब्रेकची दांडी पुढे म्हणजे टॉप गिअरमध्ये, आणि हँडल काढून बाजूला ठेवलेलं. हवेच्या दाबाने क्रँक फिरला तर हँडल मनगट मोडेल. ४० पाउंडांच्या वर जाऊ नका. आता कान लावा. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या नळीत म्हणजे रिंगा, थोडी तर तिथे नेहमीच असते. शेजारच्या प्लगच्या भोकातून वारा म्हणजे मधलं गॅस्केट. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे पाण्याच्या वाटेशी फुटलेलं गॅस्केट किंवा तडा. हेडच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशने लावा, फेस आला तर गळती बाहेर आहे.

इथवर आलात की हेड काढायचं की नाही हे ठरलेलं असतं. काढायचं असेल तर कोणत्या घरात काय शोधायचं तेही.

हेड उचलताना

इंजिन पूर्ण थंड. बोल्ट कडेकडून मध्याकडे, प्रत्येकाला पाव फेरा, असे दोन-तीन चकरांत ढिले करा. किती जोर लागला ते नोंदवत जा. पंधरातले दोन बोल्ट सहज सुटले तर गॅस्केट तिथेच फुटलेलं सापडण्याची शक्यता मोठी. बोल्ट निघाले तरी हेड चिकटून बसतं. छिन्नी ठोकू नका. बिडाच्या सपाटीवर पडलेली छिन्नीची खूण पुढच्या गॅस्केटचा बळी घेते. प्लग लावलेले ठेवा, इग्निशन बंद, हँडल फिरवा. कॉम्प्रेशनच हेडला खालून ढकलून सोडवतं.

हेड उचललं की हातातला कपडा खाली ठेवा. काहीही पुसण्याआधी फोटो काढा, हेडचा, गॅस्केटचा दोन्ही बाजूंनी, पिस्टनांचा. गॅस्केटवर दोन बोअरच्या मधून गेलेली काळी वाट दिसली तर वायू तिथून पळत होता. गंजाची तांबडी धार पाण्याच्या भोकापासून बोअरकडे गेली असेल तर पाणी त्या वाटेने आलं. एका पिस्टनचं डोकं कार्बन नसलेलं, करड्या रंगाचं स्वच्छ असेल तर पाणी त्याच घरात. आधीच्या तपासण्यांनी सांगितलेलं घर आणि हे घर एकच आहे का ते ताडून बघा. जुळत नसेल तर अजून काहीतरी सापडायचं आहे.

जुनी गॅस्केटं तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसची असतात. ती कोरडी खरवडू नका, वायर ब्रश तर नकोच. पाण्याने भिजवा, मास्क लावा, ओला चुरा पिशवीत बांधून टाका. फुप्फुसात गेलेला तो धागा बाहेर येत नाही.

सपाटी, तडे, गंज

खात्रीची पोलादी पट्टी घ्या, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत हेडवर उभी धरा, खाली फिलर गेज सरकवा. पूर्ण लांबीत चार-पाच थाऊपर्यंतचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बाक मी सोडून देतो, जाड तांब्याचं गॅस्केट तो पोटात घेतं. पण दोन बोअरच्या मधल्या अरुंद पट्टीत दोन थाऊचा खड्डाही चालत नाही. आणि पट्टी ब्लॉकवरही धरा. सगळे हेड घासून आणतात, ब्लॉकची सपाटी कुणी बघत नाही.

पाण्याच्या भोकांच्या कडा बघा. बीड खाऊन भोक रुंद झालेलं असतं आणि गॅस्केटची कड जेमतेम टेकते. जुनं गॅस्केट हेडवर ठेवून पेन्सिलने भोकं आखली की किती जागा उरली ते दिसतं. पुढच्या पाण्याच्या तोंडाची सपाटी आणि तिथले आटे हमखास गंजलेले असतात. तिथली गळती हेडखाली वाहत जाते आणि गॅस्केट फुटल्यासारखी दिसते.

तड्यासाठी रॉकेल आणि खडू. हेड पूर्ण स्वच्छ करा, रॉकेल भरपूर लावा, दहा मिनिटं मुरू द्या, खरखरीत कापडाने कोरडं पुसा आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्या. स्पिरिट उडून पांढरा थर सुकतो, आणि जिथे तडा आहे तिथे मुरलेलं रॉकेल केसासारखी राखाडी रेघ होऊन वर येतं. लाल रंग आणि पांढऱ्या फवाऱ्याचे डबेही मिळतात, काम तेच, रेघ जास्त ठसठशीत. प्लगच्या भोकांभोवती आणि ज्वलनाच्या पोकळीच्या छतावर आधी बघा.

आणि मग ब्लॉक. हे जरा थांबून सांगतो. माझ्याकडे एक टी आली होती, तिचं गॅस्केट तीनदा बदललेलं, हेड दोनदा घासलेलं, दुसऱ्या कुठेतरी. पाणी तिसऱ्या घरात जातच होतं. हेडवर खडू मारला, निर्मळ. ब्लॉकवर मारला तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे जेमतेम सव्वा इंचाची रेघ उमटली, मध्ये किंचित वाकडी. बोटाने पुसली, दहा मिनिटांनी पुन्हा तिथेच आली. तीन गॅस्केटं आणि दोन घासण्यांचे पैसे त्या रेघेपायी गेले होते. टीच्या ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह सीट आणि बोअरमधली ही जागा तड्याची नेहमीची जागा आहे. व्हॉल्व्ह काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही, म्हणून व्हॉल्व्ह काढाच.

तडा हेडमध्ये असेल तर माझं मत सरळ आहे: दुसरं हेड शोधा. टीची हेडं अजून मिळतात. १९१७ च्या सुमारापासून पाण्याला जास्त जागा असलेलं उंच हेड आलं, त्याआधीचं बुटकं. गाडी त्याआधीची असेल आणि मूळ रूप जपायचं असेल तर बुटकंच शोधावं लागेल. तडा ब्लॉकमध्ये असेल तर टाके घालून, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पिना गच्च बसवून, सीट नवी करणं हा भरवशाचा उपाय. बिडाला थंडच्या थंड वेल्डिंग करणाऱ्याला गाडी देऊ नका. शेजारी नवा तडा जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या जागी बिडाचा स्वभाव जाणणारे हात अजून आहेत, तिथवर जाण्याचा खर्च वाया जात नाही. रेडिएटरमध्ये टाकायच्या गळती-बंद पुड्यांबद्दल एवढंच: त्या तडा दोन आठवडे लपवतात आणि रेडिएटर कायमचा चोंदतात.

हेड घासायचं असेल तर सपाट होण्यापुरतंच. पिस्टन वर येतो हे आठवा. दर घासणीला त्याची मोकळी जागा कमी होते. शिवाय हेड पातळ झालं की बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. पाना सांगतो बोल्ट आवळला, हेड मात्र सैलच.

परत बसवणं हीसुद्धा तपासणीच

ब्लॉकमधल्या पंधराही भोकांत टॅप हलक्या हाताने फिरवा, हवेने साफ करा. तळाशी ऑइल किंवा कार्बन राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. ताणलेले, आटे झिजलेले बोल्ट टाकून द्या. बोअर वाढवलेला असेल तर गॅस्केटचं भोकही त्या मापाचं हवं, नाहीतर पिस्टन गॅस्केटची कड चावतो.

गॅस्केट आणि हेड बसवून बोल्ट नुसते टेकेपर्यंत लावा आणि प्लग न लावता हँडल दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही टक् असा आवाज किंवा अडथळा लागला तर हेड सरकवून मध्यावर आणा. हे न केल्यामुळे बसवल्यानंतर येणारी ठकठक बेअरिंगची समजून संपूर्ण इंजिन खोलल्याचं मी पाहिलंय. आता मध्यापासून कडेकडे, आधी २०, मग ३५, मग ५० फूट-पाउंड. किलो-मीटरचा टॉर्क पाना असेल तर शेवटचा आकडा सातच्या किंचित खाली.

पाणी भरताना शक्यतो पावसाचं किंवा आरओचं. इंजिन सुरू करा, नीट तापू द्या, बंद करा आणि बिडाचं हेड असेल तर गरम असतानाच त्याच क्रमाने पुन्हा ५० ला आवळा. बाजारातलं ॲल्युमिनियमचं हेड बसवलं असेल तर उलट, पूर्ण थंड झाल्यावरच. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिनाला हात लावण्याआधी, तोच काचेचा पेला ड्रेन प्लगखाली धरा. मग वरची होज काढून तो एक मिनिटाचा बुडबुड्यांचा प्रयोग पुन्हा करा, चारही कॉम्प्रेशन मोजा आणि आधीच्या आकड्यांच्या शेजारी तारीख घालून लिहा. तो कागद गाडीच्या सीटखाली हत्यारांच्या पिशवीत ठेवा. पुढचा मेकॅनिक तिथून सुरुवात करेल.